सात नंबरची वही

"सात नंबरच्या गोळ्यांचं काय?" डॉक्टर पाउलासींनी विचारलं.

मी बाहेर व्हरांड्यात चहाचे कप घेऊन उभा होतो. आमच्या इस्पितळाच्या खिडक्यांना काचेच्या पट्ट्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या बंदच होत नाहीत. त्यामुळे आत समितीची गुप्त बैठक चालते आणि बाहेर ड्रायव्हरला ती अक्षरन् अक्षर ऐकू येते. चौदा वर्षं ऐकतोय, पण खिडकीला मुद्दाम कान लावला तो त्याच दिवशी. सात नंबर कोण, हे त्या खोलीत फक्त एका बाईला ठाऊक होतं आणि खोलीबाहेर मला.

सात नंबर म्हणजे कोलोवाई गावचा फिनेआसी. वय चोपन्न, हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या. ती बाई म्हणजे समितीची कारकून लोसेली, फिनेआसीची सख्खी थोरली बहीण.

हृदयाची ऑपरेशनं आमच्या बेटावर होत नाहीत. सरकारी निधीतून ऑकलंडला पाठवावं लागतं. निधी लहान, आजार मोठे. त्या महिन्यात आठ अर्ज होते आणि जागा पाच. चार जागा चहाच्या आधीच गेल्या होत्या, दोन अर्ज बाद झाले होते. आता एक जागा आणि दोन नंबर उरले होते. सहा नंबर एकोणीस वर्षांची मुलगी होती, झडप खराब झालेली. सात नंबर फिनेआसी. ज्याला जागा मिळणार नाही तो फार तर वर्ष काढेल, असं तपासायला आलेल्या पाहुण्या डॉक्टरने दोघांच्याही कागदावर लिहून ठेवलं होतं.

"एका ऑपरेशनच्या पैशात आपल्या सगळ्या बेटांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वर्षभर येतात," खजिन्याचा फेलेती म्हणाला. हे तो दर बैठकीत म्हणतो. "मी कंजूष नाही. मला बेरीज येते, एवढाच माझा गुन्हा. म्हणून म्हणतो, ज्याने साध्या गोळ्या नीट घेतल्या नाहीत त्याच्यावर ऑपरेशन कशाला उधळायचं?"

नियम तसाच होता. गावच्या दवाखान्यातली गोळ्यांची वही मागवायची. वर्षभरात खंड असेल तर तो माणूस मागे. वही आलीच नाही, तर डॉक्टरच्या मतावर भागवायचं.

सात नंबरची वही आली होती. सोमवारी मीच ती आणली होती. कोलोवाईच्या नर्सने ती माझ्या हातात देताना सांगितलं, "जपून ने रे, लोसेलीच्या भावाची आहे." माणसाचा स्वभाव वाईट, मी वाटेत गाडी थांबवून ती उघडली. एप्रिल ते ऑक्टोबर, पानं कोरी. मी वही लोसेलीच्या टेबलावर ठेवली. तिने पान उलटलं आणि वही खणात टाकली.

आता ती वही त्याच खणात होती आणि पाउलासी उत्तराची वाट बघत होते.

"वही आली नाही" एवढे तीन शब्द. कुणी तपासायला येणार नव्हतं. मी बाहेरून मनातल्या मनात तिला ते पढवत होतो. म्हण ना बाई. एकोणीस वर्षांत एकदाही स्वतःसाठी काही केलं नाहीस, एवढं म्हण.

नावाऐवजी नंबर ही कल्पना तिचीच. त्याआधी इथे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असा कारभार होता. कुणाच्या तरी मेव्हण्याचा गुडघा विमानाने जायचा आणि कोळ्याची बायको रांगेत मरायची. मी हे उगाच बोलत नाही. मी तेव्हा मासे धरायचो आणि ती रांगेतली बायको माझी होती. लोसेलीने नावं काढून टाकली तेव्हापासून कोळ्यांच्या बायकाही विमानात बसायला लागल्या.

"वही आली आहे," लोसेली म्हणाली. आवाज नेहमीचा. "एप्रिल ते ऑक्टोबर खंड आहे. सात महिने."

"कारण?" फेलेतीने विचारलं.

"कारणाचा रकाना फॉर्ममध्ये नाही."

मग हात वर झाले असणार. ते मला दिसले नाहीत, खुर्च्यांचा आवाज ऐकू आला. मी आत जाऊन चहा ठेवला. लोसेली काहीतरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "मोसेसे, पाच फोन करायचेत. ते झाले की गाडी काढ."

आमच्या बेटावर याचा अर्थ पोराटोरांनाही कळतो. जागा मिळाली तर इस्पितळातून फोन जातो. नाही मिळाली, तर पांढरी गाडी येते आणि तीतून लोसेली उतरते. असली बातमी तारेवरून द्यायची नाही, हा तिचा हट्ट. जायचं, चटईवर बसायचं, पुढ्यात येईल ते खायचं आणि मग सांगायचं. या हट्टापायी तिचं काय झालं ते मी रोज बघतो. ती मासळी घ्यायला गेली तरी बाजारात बायका गप्प होतात. लग्नाला तिला बोलावतात, पण शेजारी कुणी बसत नाही. गाडी रस्त्याने निघाली की माणसं दारात येतात आणि आपलं घर मागे पडेपर्यंत आत जात नाहीत.

दोन घरं दुपारपर्यंत झाली. एका घरात म्हातारीने तिचे हात धरले, दुसऱ्या घरात तरण्या मुलाने तिच्या तोंडावर दार आपटलं. ती दारासमोर पायरीवर बसून राहिली. अर्ध्या तासाने त्याच मुलाने दार उघडून तिला पाणी दिलं. मग आम्ही पश्चिमेच्या रस्त्याला लागलो.

"बाई, तुम्ही नका उतरू," मी शेवटी म्हणालो. "मी सांगतो त्याला. नाहीतर नर्सला सांगू."

"मी कधी कुणाच्या घरी दुसऱ्याला पाठवलंय?"

"पण तो भाऊ आहे. भावाच्या छातीत काय बिघडलंय ते तुम्ही त्याच्यासमोर बोलणार? शोभतं का?"

"नाही शोभत."

बहिणीसमोर भावाच्या अंगाचा विषय काढायचा नाही, हे आमच्याकडे पोरं दात यायच्या आधी शिकतात. मोठेपणी भाऊबहीण एका खोलीत फार वेळ बसतही नाहीत. मान इतका की त्याचं ओझं व्हावं. दुसरी गोष्ट म्हणजे बहिणीने मागितलं की भावाने द्यायचं. त्यात 'का' नसतं आणि 'बघू' पण नसतं.

"एक सांगू का? रागावू नका," मी म्हणालो. "वही आली नाही, एवढंच बोलायचं होतं."

"मग आत्ता गाडी कुठे चालली असती?"

मी गिअर बदलला.

"सहा नंबरच्या घरी," तीच म्हणाली. "तिच्या आईला बघितलंयस तू?"

"नाही."

"मीही नाही. म्हणून तर नंबर."

कोलोवाईची सुरूची झाडं दिसायला लागली. वटवाघळं उलटी लटकून भांडत होती. तिने काच खाली केली.

"पत्रे मी मागितले होते," ती म्हणाली.

मला आधी उमजलंच नाही. मग एकेक जुळत गेलं. वादळात तिचं छप्पर उडालं होतं. फिनेआसी फळतोडणीच्या हंगामाला ऑस्ट्रेलियात गेला, एप्रिल ते ऑक्टोबर, आणि आल्यावर तिच्या घरावर नवे पत्रे चढले. सगळ्या गावाने भावाचं कौतुक केलं होतं. गोळ्यांच्या पिशव्या सामानात सापडल्या की मुकादम माणसाला परत धाडतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी जोडून कुणी बघितल्या नव्हत्या.

"तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"सोमवारी कळलं."

गाडी थांबली. ती उतरली, मागच्या सीटवरची चटई घेतली, आमच्याकडे समोरच्याला मान द्यायला नेसतात ती, आणि कमरेला बांधली. प्रत्येक घरासमोर ती हे करते. भावाच्या घरी ती एरवी मागच्या दाराने, चुलीच्या बाजूने जाते. आज पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि हाक मारून वाट बघत थांबली.

दार फिनेआसीच्या बायकोने, आकोसिताने उघडलं. तिने आधी नणंदेच्या कमरेची चटई बघितली, मग गाडी. आत जाऊन तिने घरातली चांगली चटई काढून अंथरली, पाहुण्यांची.

मी गाडीशीच थांबणार होतो. आकोसिताने हात केला. "तू पण ये, मोसेसे. घर आहे हे, कोर्ट नाही."

फिनेआसी पलीकडच्या दारात बसला होता, तोंड वाडीकडे, पाठ अर्धी आमच्याकडे. तसंच बसायचं असतं. नुसतं बसूनही त्याचा श्वास ऐकू येत होता. आकोसिताने अळूच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस पुढे ठेवलं.

"घ्या ना, वन्सं."

लोसेलीने खाल्लं. पान साफ होईपर्यंत खाल्लं. मग हात पुसले आणि आकोसिताकडे तोंड करून म्हणाली, "आज समिती बसली होती. त्यात एका माणसाचं..."

पुढचं येईना. एकोणीस वर्षांत हेच वाक्य ती शेकडो घरांत बोलली होती.

"आकोसिता," फिनेआसी वाडीकडे बघतच बोलला, "अक्काला सांग, गाडी मी वळणावरच ओळखली. तिने बोलायची गरज नाही."

सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी आकोसिताने सांगायचं असतं. "ते म्हणतात, तुम्ही बोलायची गरज नाही," ती म्हणाली. आणि मग तिच्या स्वतःच्या पदरचं आलं. "कुणाला मिळाली जागा?"

"एका मुलीला. एकोणीस वर्षांची आहे."

"मग बरं झालं," फिनेआसी म्हणाला.

"बरं झालं म्हणे! सगळ्यांचे कागद वन्संच्या हातात असतात ना? हातात काय, खणात असतात. मग?"

"आकोसिता." तो एवढंच म्हणाला.

"नाही, बोलू दे तिला," लोसेली म्हणाली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. "हातातच होते. वही मीच वाचली. सात महिने खंड आहे, हेही मीच सांगितलं."

आकोसिता पान उचलत होती, ती तशीच थांबली.

"कुठले सात महिने, तेही सांगितलंत?"

"नाही."

यावर आकोसिता रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, आधी नणंदेकडे, मग नवऱ्याच्या पाठीकडे. मला उठून पळून जावंसं वाटत होतं. समिती खरी होती, नियम खरा होता, मुलगीही खरी होती आणि तरी त्या खोलीत कुणाला नीट श्वास घेता येत नव्हता.

"अक्काला विचार," फिनेआसी म्हणाला, "पत्रे गळत नाहीत ना? समुद्राकडच्या कोपऱ्यातला खिळा मला तेव्हाच सैल वाटला होता."

आकोसिताच्या तोंडून हे निघेना. तिने मान फिरवली. पण कुणीतरी विचारायला हवं होतं, प्रश्न असा हवेत ठेवून चालणार नव्हतं.

"बाई," मी म्हणालो, "फिनेआसी विचारतोय, पत्रे गळत नाहीत ना."

"नाही गळत," लोसेली म्हणाली. "एक थेंब नाही. सांग त्याला."

"नाही गळत," मी त्याच्या पाठीला सांगितलं.

त्याने मान डोलावली. मग उठला आणि भिंतीशी ठेवलेली पाटी उचलली. हंगामातली पहिली कोनफळं, सगळ्यांत मोठी. ती बहिणीची असतात, दरवर्षी, न विचारता. पाटी घेऊन तो तीन पावलं चालला आणि दाराच्या चौकटीला टेकला. ओठ निळसर झाले होते. मी धावत जाऊन पाटी घेतली. लोसेली जागची हलली नाही, हलायचं नसतं. नखं मात्र तिने चटईत रोवली होती.

"निम्मी राहू दे इथे," मी हळूच आकोसिताला म्हणालो. "तुम्हालाही लागतील."

"सगळी घे, मोसेसे," मागून लोसेलीचा आवाज आला. "त्याने दिलंय ते एकही परत ठेवायचं नाही."

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. पाटीतलं सगळ्यांत मोठं कोनफळ तिने मांडीवर घेतलं होतं, अंगाला माती लागलेलं, आणि रस्ता खराब आला की त्यावर हात ठेवत होती. वाटेतल्या गावांत माणसं दारात उभी होती. गाडी पुढे गेली की आत जात होती.

तिच्या घरापाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पत्रे चमकत होते. मी पाटी उतरवून पायरीवर ठेवली, दार उघडून दिलं आणि वाट बघत उभा राहिलो. ती सीटवरून हलली नाही.

"बाई, घर आलं."

"दिसतंय," ती म्हणाली. "मोसेसे, तुला घाई नसेल तर मी थोडा वेळ गाडीतच बसते."

मला घाई नव्हती. मी पुढे बसलो, ती मागे. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.