चौकटीत न मावलेले दूध

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे आणि माझ्याखाली लावलेली पाटी अर्धवट आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'अक्रोडाचे लाकूड. पीठ मळण्यासाठी.' एवढ्यात माझे आयुष्य उरकले.

आमच्या ग्रीसच्या डोंगरात म्हाताऱ्या स्तामातिसने मला वाकसाने तासून कोरले, ते त्याच्या सुनेसाठी, पोलिक्सेनीसाठी. शनिवारी ती माझ्यात पीठ मळायची. पाव भट्टीत गेले की मला पुसून तान्ह्या बाळाला माझ्यातच निजवायची. आधी मुलगी निजली, गारुफालिया. मग मुलगा झाला. आमच्याकडे पहिल्या मुलाला आजोबांचे नाव देतात, म्हणून तोही स्तामातिस. माझ्या तळाशी लाकडात एक गाठ आहे. बाळ जागे झाले की त्या गाठीवर टाच आपटायचे. ठक, ठक. आई म्हणायची, "आला बघा पाहुणा, दार वाजवतोय."

मग युद्धातला भुकेचा हिवाळा आला. मी कोरडी पडले, पोलिक्सेनीचे दूधही आटले. एके संध्याकाळी शेजारच्या शेळीचे एक वाटी दूध मिळाले. घरात लहान तोंडे दोन. मुलगी अजून चालत होती, बाळाला गिळण्याचेही त्राण नव्हते. पोलिक्सेनी वाटी धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिने ती गारुफालियाच्या तोंडाला लावली. "पी. आणि त्याच्याकडे बघू नकोस."

गारुफालियाने बघितले. सकाळी टाच वाजली नाही.

युद्धानंतर दुसरा मुलगा झाला. आजोबांचे नाव मोकळे पडले होते, ते त्याला मिळाले. हा स्तामातिस माझ्यात गुटगुटीत झाला. पण पोलिक्सेनी पीठ मळता मळता थांबायची आणि त्या गाठीवर अंगठा फिरवत राहायची. मरेपर्यंत फिरवला. गाठ गुळगुळीत झाली.

माझ्यातल्या पावाचे गावभर कौतुक व्हायचे. मग खाली रस्त्यावर बेकरी निघाली. माझ्यात कांदे पडले, पुढे कोंबड्या अंडी घालू लागल्या. अखेर दुसऱ्या स्तामातिसच्या नातीने, मिर्सिनीने, मला धुऊन पॉलिश केले आणि खिळा ठोकून भिंतीला टांगले. याला हल्ली जतन करणे म्हणतात.

मिर्सिनी शिकलेली, मनाने वाईट नाही. ऑगस्टात पानायियाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, सणाला सगळे गोत गावी जमणार, म्हणून तिने वंशवृक्ष काढायला घेतला. चर्चच्या नोंदीत एकाच आईबापांचे दोन स्तामातिस सापडले. तिने एक खोडला.

गारुफालियाने कागद डोळ्यांजवळ धरला. "हा एकच कसा?"

"आत्याआजी, पाद्रीबाबांनी चुकून दोनदा लिहिला होता."

"पाद्री प्यायचा, पण एवढी नाही. दोघे होते." आणि तिने वाटीची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा.

मिर्सिनी रडली. डोळे पुसून म्हणाली, "नाव घालते. पण दुधाचं कसं घालू? एका चौकटीत चारच ओळी मावतात."

"मला एक पुरे. दूध एक वाटी होतं, ते आईने गारुफालियाला दिलं. एवढंच लिही."

"काही नको," तिचा भाऊ स्तामातिस कोपऱ्यातून म्हणाला. "उद्या लोक म्हणतील, पोलिक्सेनीने पोर उपाशी मारलं. ताई, तू तरी या वयात कशाला उकरतेस?"

"तुला काय, तू आयत्या नावावर बसलास. ते दूध माझ्या पोटात आहे. मी गेल्यावर तो उपाशी गेला हे कोण सांगणार, तू रोज ज्याच्याकडे बसतोस तो कॉफीवाला?"

"लोक तुलाही बोलतील."

"बोलू देत."

शेवटी छापले गेले, 'बालपणी निधन.' आणि मेलबर्नच्या चुलतभावाला चारही ओळी मिळाल्या: नाव, दोन दुकाने, तिसरे घर, अंगणात पोहण्याचा तलाव. जागा नव्हती म्हणे. जागा होती. लाज जास्त होती.

सणाच्या दिवशी गारुफालिया चष्मा लावून चौकटीसमोर उभी राहिली. वाचले, चष्मा काढला, आणि पानातले कोकरू तसेच टाकून घरी गेली. थंडीत ती वारली.

तिच्या मृत्यूच्या चाळिसाव्या दिवशी, प्रार्थना आटोपल्यावर, स्तामातिस माझ्यासमोर येऊन बसला. "मिर्सिनी, लिही आता. दुधाचं लिही."

"लिहिते, आजोबा. तो दिसायचा कसा? केस काळे होते? काय काय करायचा?"

स्तामातिस म्हणाला, "हे ताईला विचारायला हवं होतं."

उठताना तोल सावरायला त्याने माझ्यात हात टेकला. बोटे गाठीवर गेली आणि तिथेच थांबली. "इथे एवढं गुळगुळीत कशाने झालं गं?"

"पीठ मळून झालं असेल, आजोबा."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी वंशवृक्ष काढत असेल. दुकाने गाळा, तलाव खुशाल गाळा. पण जे सांगताना म्हाताऱ्या माणसाचा आवाज बसतो ते गाळू नका, आणि ते माणूस समोर बसलेले असतानाच लिहा. नंतर माझ्यासारख्या लाकडावर हात फिरवून काही हाती लागत नाही. लाकूड आपणहून वाजत नाही. त्याला टाच लागते.