उंदरांवरचं औषध

माकणीच्या बिराप्पाला क्षयानं धरलं त्याला दोन वर्षं होत आली होती. गोळ्यांचे दोन कोर्स झाले, तरी जंतू कशालाच जुमानेना. मेंढरं भावकीच्या हवाली करून तो आता अंगणातल्या बाजेवर धापा टाकत पडलेला असे.

त्याची लेक अयोध्या पुण्याच्या प्रयोगशाळेत याच जंतूवर काम करायची. या जंतूभोवती जाड, मेणकट भिंत असते. म्हणूनच तो सहजी मरत नाही. ती भिंत बांधणाऱ्या एका एन्झाइमच्या मागे अयोध्या पाच वर्षं लागली होती. त्याला अडवणारी एक भुकटी शेवटी सापडली. काचेच्या थाळीत जंतूंची भिंत उभीच राहिली नाही, ते फुटून मेले. शनिवारी कुणाला न सांगता तिनं त्या भुकटीची कुपी पर्समध्ये टाकली आणि लोहाऱ्याची एसटी धरली.

घरी पोचली तेव्हा तिची माय, नागूबाई, बिराप्पाला चमच्यानं पाणी पाजत होती.

"आणलंस का?" त्यानं विचारलं. नव्या औषधाचं फोनवर तिच्या तोंडून निसटलं होतं.

अयोध्यानं कुपी काढली, पण झाकण उघडवेना.

"आबा, हे आजून माणसाला दिल्यालं न्हाय. धा उंदरांना दिलं. तीन लिव्हर सुजून मेले."

"सात जगले की."

"तुमचं लिव्हर गोळ्यांनी आधीच गेलंय."

"म्या तसाबी चाललोय, पोरी. दे."

"दे गं," नागूबाई म्हणाली. "इतकं शिकलीस ते कशापायी?"

उंदराच्या वजनावरून माणसाचा डोस तिनं एसटीत तीनदा काढला होता. तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं होतं. तिनं कुपी परत ठेवली.

"माझ्या हातानं न्हाय व्हायचं, आबा."

बिराप्पा कुशीवर वळला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. ती रजा वाढवून राहिली, त्याची पाठ चोळत, जुन्याच गोळ्या वेळेवर देत. त्या तो मुकाट गिळायचा. अकराव्या दिवशी दुपारी रक्ताची उलटी झाली आणि तो गेला.

दिवसकार्य उरकल्यावर नागूबाईनं विचारलं, "दिलं आसतंस, तर वाचले आसते का?"

"म्हाईत न्हाय, माय."

"मग कुणाला म्हाईत हाय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असं कुणी असेल तर लगेच जाऊन विचारून यावं, म्हणून ती लेकीच्या तोंडाकडं बघत होती.