आजीचा घास

जुई ज्याच्या नावाचा घास गिळते, त्याचं पोट भरतं. तिचं नाही. माझ्या या लेकीला सातवा महिना लागला, वरचं भरवायला घेतलं, तेव्हा हे मला कळलं. काऊचा घास भरवला तेव्हा कठड्यावरचा कावळा पोळीचा तुकडा टाकून उडून गेला. बाबांचे दोन घास भरवले त्या दिवशी हेमंत ऑफिसातून भरलेला डबा परत घेऊन आला. "भूकच लागली नाही," म्हणाला.

बिननावाचा घास ती जिभेने बाहेर ढकलायची. "हा जुईचा" म्हटलं तरी ढकलायची. स्वतःचं नाव तिला अजून ओळखू येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "हा आजीचा." माझी आई फाल्गुनात गेली. जुई तेव्हा पोटात होती. शेवटचे अठरा दिवस आईने काही खाल्लं नाही. मी पेजेचा चमचा घेऊन बसायचे आणि तसाच नेऊन धुवायचे.

जुईने घास गिळला. समोरच्या वेताच्या खुर्चीची बैठक किंचित खाली दबली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्या. मी तसंच केलं. तीन चमच्यांना गुडघ्यांवर ताणलेलं आईचं पातळ दिसू लागलं. पाव वाटीला हात आले, मग मान. अर्धी वाटी झाली त्या दुपारी आई बोलली.

"मीठ नाही घातलंस?"

"वर्षाच्या आत घालत नाहीत, आई."

"तुला घातलं होतं. काय झालं तुला?"

जुईची झबली सैल होऊ लागली. दवाखान्यात सिस्टरने तिला काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मागच्या महिन्यापेक्षा सातशे ग्रॅम कमी.

"नुसत्या दुधावर आता भागत नाही," डॉक्टर म्हणाले. "वरचं खाते ना?"

"अर्धी वाटी. दोन वेळा."

"मग जातं कुठे?"

"घरातच असतं," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सोमवारी परत आणा. वजन वाढलं नाही तर ॲडमिट करू."

घरी आले तेव्हा आई खुर्चीत पाय हलवत बसली होती. मी जुईला तिच्या मांडीवर दिलं.

"अगं, हिला वजनच नाही. भरवतेस की नुसती कौतुकं करतेस?"

 खरं सांगितलं असतं तर आईने तोंड मिटून घेतलं असतं. तिला मी ओळखते.

मी कुकर लावला. बाहेरच्या खोलीत आई हाका मारत होती. "जुई. ए जुयडे. इकडे बघ, आजीकडे." दोन शिट्ट्या होईपर्यंत तेच चाललं होतं. मग तिने मला हाक मारली.

"ये, बघ. नाव कळायला लागलं हिला."

"जुई," मी दारातून म्हटलं. जुईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आता "हा जुईचा" न म्हणायला मला सबब उरली नाही.

मी मऊ भात वरणाच्या पाण्यात कुस्करला, वर तुपाचा थेंब सोडला आणि वाटी घेऊन दोघींसमोर बसले. अर्धी वाटी, त्याहून एक चमचाही जास्त नाही. आईने जुईच्या गळ्यात लाळेरं बांधलं.

"कोणाचा गं हा घास?" तिने लाडाने विचारलं.

मी चमचा उचलला. जुईने तोंड उघडलं. बाळाला भरवताना आपलंही तोंड उघडतं, तसं आईनेही उघडलं. चमचा मध्येच थांबला. दोन बोळकी, एकावर एक, गुलाबी आणि ओली, माझ्या तोंडाकडे बघत होती.