बोटभर जास्त

तिसरं गाठोडं तिनं टेबलावर उपडं केलं आणि धूळ खाली बसायच्या आत मोठी कात्री मास्तरांच्या पुढ्यात ठेवली.

"कापा."

मास्तरांनी कात्रीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. उजवा हात नेहमीसारखा डाव्या काखेत दडवलेला होता. आजारातून उठल्यापासून तो थरथरायचा, आणि थरथरताना कुणी बघू नये म्हणून त्यांनी त्याची ही अशी सोय लावून टाकली होती.

"काय कापू?"

"चौकोन. हा पुठ्ठ्याचा साचा. खडूनं रेघ मारायची आणि कापायचं. गोधड्या करायच्यात."

"तुला वेड लागलंय."

"लागू दे. सुट्ट्यांच्या आत तीन व्हायला हव्यात."

इमारतीत नव्यानं आलेल्यांना 'मास्तर' म्हटलं की शाळेतले वाटायचे. पोरांच्या अभ्यासाचं विचारायला म्हणून कुणीकुणी येऊन गेलंही होतं. पण मास्तर होते कापडाचे. बाजारातल्या मोठ्या शिवणकामाच्या दुकानात उभा जन्म त्यांनी कोट आणि पँटी कापल्या. लग्नाआधी ती त्याच दुकानात मशीनवर होती. शिवण जरा इकडची तिकडे झाली की कापायच्या टेबलावरून आवाज यायचा, "उसव!" तो रस्त्यापलीकडे ऐकू जाई. तिनं त्या माणसाची इतकी बोलणी खाल्ली होती की लग्न ठरल्यावर मशीनवरच्या बायका म्हणाल्या, आता घरीही खा बाई पोटभर.

खाल्लीही. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. पण आजारातून उठल्यापासून घरात त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता. चहा गार मिळाला तर गार प्यायचे. शर्टाचं बटण तुटलं तर तसाच घालायचे. लोक म्हणायचे, मास्तर किती शांत झाले हो! आणि ती 'हो ना' म्हणून आत जाऊन भांडी आपटायची.

त्यात थोरल्या मुलाचा फोन आला होता. सुट्ट्यांत तो, मधली आणि धाकटी असे तिघंही येणार होते. मागच्या खोलीतलं कापायचं टेबल काढून टाकू, तो म्हणाला. जुनं सामान घेणारा एक माणूस त्यानं बघून ठेवला होता. तिथं बाबांना कठडा असलेला पलंग बसवू, कपाटातली कापडं देऊन टाकू, खोली मोकळी होईल. सगळं प्रेमानंच बोलत होता. म्हणून तर तिला त्याच्यावर ओरडता येईना.

"टेबल नाही काढता येणार," ती म्हणाली. "त्याच्यावर काम चालू आहे."

"कसलं काम?"

"गोधड्यांचं. तुम्हा तिघांना एकेक."

"अगं आई, कापतंय कोण?"

"कोण म्हणजे? मास्तर."

थोरला म्हणाला, "बरं. आल्यावर बघतोच." फोन ठेवल्यावर तिला दरदरून घाम फुटला. धडधडीत खोटं बोलून बसली होती. आता ते खरं करण्यावाचून इलाज नव्हता, आणि हाताशी होता एक महिना. टेबल गेलं की मास्तर त्या पलंगावर आडवे होतील आणि मग उठायचे नाहीत, हे तिला लख्ख दिसत होतं.

कापडाला मात्र तोटा नव्हता. कपाट, पलंगाखालच्या दोन ट्रंका आणि माळ्यावरची गाठोडी. दुकानातून उरलेलं, गिऱ्हाइकानं नको म्हटलेलं, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेलं. ते कधीतरी एकदाचं उजाडलं होतं.

मास्तरांनी कात्री उचलली ती बायकोच्या कटकटीला कंटाळून. पहिला चौकोन कापला तो चौकोन नव्हताच. एक बाजू सापासारखी वळवळत गेली होती. त्यांनी तो उचलून उजेडात धरला आणि खाली टाकला.

"चालतंय की," ती म्हणाली.

"काय चालतंय?"

"शिवणीत जातं सगळं. कापा तुम्ही."

त्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तिला वाटलं आता ओरडतात. पण नाही. मान खाली घालून त्यांनी पुढचा चौकोन आखायला घेतला.

असं मग रोज सुरू झालं. सकाळी ते कापायचे. जेवून मास्तर पडले की ती ढीग उचलून स्वयंपाकघरात न्यायची, दार लोटायची आणि पट्टी लावून एकेक चौकोन सरळ करायची. कात्रीचा आवाज जायला नको म्हणून कुकर चढवायची. भर दुपारी हिच्याकडे शिट्ट्या कसल्या होतात म्हणून वरच्या मजल्यावरची शेजारीण चौकशीला येऊन गेली. कापून निघालेल्या बारीक चिंध्या ती फडताळातल्या रिकाम्या डब्यात दाबून ठेवायची आणि वर झाकण लावायची. ज्या माणसानं एकदा कापलेल्या कापडाला दुसऱ्यांदा कुणाला कात्री लावू दिली नव्हती, त्याचंच कापड ती चोरून कापत होती. अंगठ्याला फोड आला तो तिनं मशीनच्या नावावर खपवला.

पहिली गोधडी आखूड झाली. होणारच. सरळ करता करता प्रत्येक चौकोन चारी बाजूंनी खाल्ला गेला होता. आणि ती होती नेमकी थोरल्याला, तिघांत सगळ्यात उंच तो. पाय उघडे राहिले असते. तिनं कपाळाला हात लावला, मग भोवतीनं निळ्या कापडाचा रुंद काठ जोडून वेळ मारून नेली.

मास्तर गोधडीभोवती एक चक्कर मारून आले.

"काठ कशाला?"

"शोभतो."

"हं," ते म्हणाले, आणि काखेत हात घालून खिडकीशी जाऊन बसले.

दुसऱ्या गोधडीला मात्र चमत्कार झाला. तिनं पहिल्यासारखेच चौकोन सरळ केले आणि गोधडी मापात आली, एक इंचही कमी नाही. तिसरीचे चौकोनही सरळ करून पुरेसे मोठे राहायला लागले. तिच्या आनंदाला पारावार राहिला नाही. हात सुधारतोय, तिनं शेजारणीला जिन्यात गाठून सांगितलं. बघा, कामानंच सुधारतोय, डॉक्टरांनी काय केलं?

पण मशीनवर जन्म काढलेली बाई ती. कडा तर अजून तशाच वळवळत होत्या, मग माप सुधारलं कसं, हे तिला गप्प बसू देईना. एक दिवस मास्तर अंघोळीला गेलेले असताना तिनं त्यांनी कापलेला चौकोन टेबलावरच्या साच्याखाली धरला. बरोबर. मग स्वयंपाकघरातून पट्टी आणून साचाच मोजला.

साचा तिचा नव्हता. तिचा होता वीतभर. हा चारी बाजूंनी बोटभर जास्त होता.

शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा केलेला. कडा कुरतडल्यासारख्या, कारण पुठ्ठा कापायला त्या हाताला किती कष्ट पडले असतील ते देवच जाणे. तिचा जुना साचा तिला मास्तरांच्या खुर्चीच्या गादीखाली सापडला. त्याच्यासोबत मूठभर चिंध्या होत्या. निळ्या, करड्या, चौकडीच्या. तिच्या डब्यातल्या.

आधी तिचे कान तापले, चोरी पकडल्यासारखे. मग राग आला. लबाड माणूस! सगळं माहीत असून रोज समोर बसून कापतोय, आणि ही आपली वेड्यासारखी कुकर लावतेय. मग तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तिला सरळ करायला जागा उरावी म्हणून तो माणूस बोटभर जास्त कापत होता.

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. तिनं साचा, चिंध्या, गादी सगळं होतं तसं ठेवलं, डोळे पुसले आणि दुपारी कुकर चढवला.

तिसरी गोधडी झाली. कपाट निम्मं रिकामं झालं होतं. तिघांच्या तीन गोधड्या घडी घालून टेबलावर रचल्या तरी मुलांना यायला थोडा अवकाश होता.

"झालं ना तुझं?" मास्तर म्हणाले. कात्री पुसून त्यांनी तिच्या हातात दिली, वापर संपला अशी. ते तिला अजिबात आवडलं नाही.

"अजून एक आहे," ती म्हणाली.

"कुणाला?"

"आपल्या दोघांना."

त्यांनी तिचेही चौकोन कापले. पण त्या दुपारी कुकर लागला नाही. मशीनवरही ती बसली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तिनं ते चौकोन हातानंच जोडले, जसे कापले होते तसेच, भराभर. वरचा पदर तेवढा तयार केला, अस्तर लावलंच नाही, आणि मागच्या खोलीत टेबलावर पसरून ठेवला.

थोरला सगळ्यांच्या आधी एकटाच आला. बॅग ठेवून आधी बाबांच्या पाया पडला, मग खिशातून टेप काढून मागच्या खोलीत गेला. पलंगाचं माप घ्यायला. पण टेबलाच्या कडेला रचलेल्या गोधड्यांपाशी थांबला. एक उलगडली. शिवणीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेला. शिंप्याच्या घरात वाढलेला पोरगा, त्याला सांगायला लागत नाही. टेप हातात तसाच धरून तो स्वयंपाकघरात आला.

"आई, बाबांनी कापलंय म्हणालीस."

"हो."

"त्यांचा हात मी बघून गेलोय." त्यानं तिचा अंगठा धरून वर केला. फोड सुकून घट्टा झाला होता. "हे तू कापलंयस. कुणाला फसवतेयस? मला की त्यांना?"

तिनं गॅस बारीक केला. पातेल्यात डाव घालून उगाच ढवळत राहिली.

"मला काय टेबलाचा राग आहे का?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण उद्या ते पडले तर? त्यांना झेपत नाही आई, हे आपण मान्य—"

"अगं ए!"

मागच्या खोलीतून आवाज आला आणि दोघंही दचकले. थोरला धावतच सुटला. ती मात्र गॅस बंद करून, पदराला हात पुसून, सावकाश गेली.

मास्तर टेबलाशी उभे होते. चौथी गोधडी त्यांनी दोन्ही हातांनी वर धरली होती. उजवा हात चांगलाच थरथरत होता, पण काखेत नव्हता.

"हे काय शिवलंयस?"

"गोधडी," ती म्हणाली.

"ही रेघ बघ. ही बघ! दारू पिऊन शिवलीस का?"

"तुम्ही कापलंत तशी शिवली. जशीच्या तशी."

"मग सरळ का नाही केलीस? आधीच्या तिन्ही केल्यास त्या?"

बोलून गेले आणि थांबले. थोरल्यानं आईकडे पाहिलं. ती गोधडीकडे बघत होती.

"म्हटलं आपल्या दोघांनाच आहे," ती म्हणाली. "कोण बघतंय?"

"मी बघतोय!" मास्तरांचा चेहरा लाल झाला होता. "मी बघतोय ना! माझ्या घरात, माझ्या अंगावर, असलं वाकडं? उसव!"

वरच्या मजल्यावर कुणाची तरी खिडकी उघडली. तिनं टेबलाच्या कडेवर हात टेकवला.

"उसवेन हो," ती म्हणाली. "पण मग सरळ कापणार कोण? माझा अंगठा गेलाय कामातून."

"मी कापेन. हात हलतो म्हणून काय झालं, कापड तर हलणार नाही! एकानं ताणून धरलं तर रेघेवरून जाता येतं. आधीच सुचायला हवं होतं." त्यांची नजर थोरल्यावर गेली. "तू तिकडून धर. लोंबू द्यायचं नाही. आणि तो टेप कशाला घेऊन उभा आहेस? दे इकडे."

थोरल्यानं टेप दिला. मास्तरांनी कपाटातलं एक कापड टेबलावर पसरलं; तो पलीकडे गेला आणि लहानपणी धरायचा तसं कापडाचं टोक चिमटीत धरलं. मास्तरांनी पुठ्ठ्याचा साचा काढला, तिचा वीतभराचा, गादीखालचा, आणि खडू शोधू लागले.

ती खाली जमिनीवर बसली. गोधडी मांडीवर घेतली आणि कडेच्या दोऱ्याचं एक टोक धरून ओढलं. कात्री लागली नाही, सुईही लागली नाही. सबंध शिवण एका ओढीत सरसर निघून आली.

मास्तरांनी मान वळवून पाहिलं.

"कच्चा टाका घातलास?"

"घाईत होते," ती म्हणाली, आणि दुसरा दोरा ओढायला घेतला.