लहान मुठीतली बंदूक

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिले असेल असे वाटत नाही. पाहू नये असेच मला वाटते. मी एक जुनी, आखूड नळीची बंदूक आहे. मोठी माणसे मला रिव्हॉल्वर म्हणतात. तुमच्या कंपासपेटीएवढीच माझी लांबी, आणि पोटात काडतुसे ठेवण्याची एक फिरती चक्री. दिसायला लहान असले तरी मी खेळणे नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एका सरकारी कारखान्यात पोलाद कापून आणि घासून मला आकार दिला गेला. तिथे मला पहिला धडा मिळाला तो संशयाचा. एकाने माझ्या नळीत डोकावून तपासले की दुसरा पुन्हा तपासायचा. पहिल्याने नीट पाहिले असेल यावर त्याचा विश्वास नसायचा. मग तिसरा यायचा. इतक्या जणांच्या अविश्वासातून बाहेर पडल्यावर मीसुद्धा कुणावर विश्वास ठेवीनाशी झाले.

माझे पहिले मालक हरिदास ठेकेदार, चंद्रपूरचे. लग्नकार्यात ते मला कमरेला लावत आणि शर्ट मुद्दाम थोडा वर सरकू देत. पाहुणे माझी तारीफ करत. पण हरिदासभाऊंची बोटे जाड होती. माझा चाप ज्या कडीत असतो त्या कडीत त्यांचे बोट अडकायचे. म्हणून त्यांनी मला कधी चालवले नाही. पुढे त्यांची हौस फिटली आणि मी कपाटात गेले. कित्येक पावसाळे तेलाचा थेंब मिळाला नाही. नळीला गंजाचे ठिपके आले. शेवटी त्यांनी मला रीतसर बंदुकीच्या दुकानात परत केले. दुकानदाराने मला साफ केले आणि काचेच्या पेटीत, सगळ्यांत मागे ठेवले.

तिथेच एके दिवशी सकाळी दिव्यानीबाई आल्या.

दिव्यानीबाई राजुऱ्याला वकिली करतात. बांधा बारीक आणि हात शाळकरी मुलीच्या हाताएवढे. परवाना त्यांना नुकताच मिळाला होता. दुकानदाराने एक मोठे, काळे पिस्तूल त्यांच्यापुढे ठेवले.

"मॅडम, हे घ्या. एकदम नवीन माल हाये."

बाईंनी ते रिकामे आहे ना, हे स्वतः उघडून पाहिले. मग भिंतीकडे नळी करून ते धरले. मूठ इतकी रुंद की चापापर्यंत त्यांच्या बोटाचे फक्त टोक पोचत होते. बोट पुढे नेले की मनगट वाकडे व्हायचे.

"माझं बोट पोचतच नाही," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने मग एक अगदी इवलेसे, हलके पिस्तूल काढले. "लेडीजसाठी हेच बेस्ट हाये."

बाईंनी ते धरले. मुठीवर दोनच बोटे मावली. वस्तू हलकी असली की गोळी सुटताना झटका जास्त बसतो, हे त्या विचारून आल्या होत्या. त्यांनी दुकानदाराकडे रोखून पाहिले.

"लेडीजसाठी म्हणून देऊन राह्यले, का विकलं जात नाई म्हणून?"

दुकानदार हसत ते पिस्तूल परत पेटीत ठेवू लागला. तेव्हा बाईंची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला हातात घेतले. तळवा माझ्या मुठीला घट्ट भिडला. बोटाचे पहिले पेर सहज चापावर आले आणि नळी हाताच्या रेषेत सरळ राहिली. त्यांनी मला पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवून पाहिले, पुन्हा काढून पाहिले. मी कुठे अडकले नाही. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या मापाचा हात मिळाला. तरी मनात आलेच, या बाईला माझी गरज का पडावी?

कारण लवकरच कळले. माणिकगडच्या डोंगरात एक छोटा गुडा आहे, गोंडांची वस्ती. तिथल्या सोमारीचा नवरा दसरू सायकलवरून बाजारातून परतत होता. चोरीचा कोळसा नेणाऱ्या एका ट्रकने त्याला नाल्याच्या पुलावर चिरडले. सोमारीने मागून चालताना ते पाहिले. ट्रकमालक म्हणाला, आमची गाडी त्या रस्त्याला गेलीच नाही. सोमारीची बाजू दिव्यानीबाईंनी घेतली आणि त्यांना फोन येऊ लागले.

"वकीलबाई, डोंगराकडचा रस्ता लय सुनसान हाये. जपून येत जा."

फोनवरचा माणूस गोड बोलायचा, म्हणून जास्त भीती वाटायची. बाई कधी निघणार, कोणत्या गाडीने जाणार, हे त्याला आधीच ठाऊक असायचे.

बाई नेमबाजीच्या क्लबात जाऊन माझ्यासोबत सराव करू लागल्या. मला तेल मिळाले, मऊ फडके मिळाले. पण पर्सच्या कप्प्यातून मी पाहत होते, की बाई बदलत चालल्या. कचेरीतल्या मुनशीने, त्यांच्या कारकुनाने, चहा आणला की त्या कपाकडे बघत राहायच्या. मागून मोटारसायकल आली की हात पर्सवर जायचा. घरी नवरा धनराज सहज विचारायचा, "उद्या कुठी जाऊन राह्यली?" त्याचेही उत्तर त्या टाळायच्या.

"मी बी दुश्मन झालो का आता?" एकदा तो चिडून म्हणाला. खरे सांगते, मलाही धनराजचा संशय येत होता.

मग सोमारीचा फोन लागेनासा झाला. आठवडा गेला. बाई मुनशीला म्हणाल्या, "सोमारीला ट्रकवाल्यांनी फोडलं असेल." मला ते लगेच पटले. माझ्यासारखीला असल्या गोष्टी फार लवकर पटतात.

बाजाराच्या दिवशी बाई एकट्याच गाडी घेऊन गुड्याकडे निघाल्या. भर दुपार होती. नाल्याच्या पुलाआधी रस्त्यात झाडाची फांदी पडलेली होती. बाईंनी गाडी थांबवली. त्या खाली उतरल्या न उतरल्या, तोच बांबूच्या रांजीतून, म्हणजे दाट बेटातून, एक माणूस झटकन बाहेर आला. त्याच्या काखेत घोंगडीत गुंडाळलेले काहीतरी लांबट होते. तो इकडेतिकडे पाहत, वाकून, भराभर पुढे येत होता.

कप्पा उघडला. मी बाहेर आले. बाईंच्या दोन्ही हातांची पकड पक्की होती. त्यांनी काही विचारले नाही. चापावर बोट दाबले जाऊ लागले आणि काडतुसावर आदळणारा माझा घोडा मागे सरकू लागला.

"वकीलबाई! मी चैतू! सोमारीचा भाऊ!"

बोट थांबले. घोडा अर्ध्यावरून जागेवर आला. चैतूच्या काखेतले घोंगडीचे गाठोडे खाली पडले आणि तो आल्या वाटेने रानात पळाला. बाईंनी हाका मारल्या, पण तो वळला नाही.

त्यांनी घोंगडी उघडली. आत एक चेपलेली, चिखल माखलेली नंबरप्लेट होती. ट्रकची.

बाई ती पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या. जी गाडी त्या रस्त्याला गेलीच नाही, तिचाच नंबर त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी तिथूनच पोलिसांना कळवले. पण ही पाटी कुठे मिळाली, हे कोर्टात सांगणारा एकटा चैतू होता. आणि त्याच्यावर त्यांनी मला रोखले होते.

त्याच दुपारी त्या सोमारीच्या अंगणात उभ्या राहिल्या. काडतुसे काढून त्यांनी गाडीच्या पेटीत कुलूपबंद केली होती. मला बेवारस सोडता येत नाही, म्हणून मी रिकाम्या पोटी पर्समध्येच होते. तिथे सगळे कळले. चैतू मिरची तोडायला तेलंगणात गेला होता, म्हणून बाईंनी त्याला कधी पाहिले नव्हते. परतल्यावर नाल्यात मासे धरताना त्याला ती पाटी सापडली. सोमारीचा फोन पाण्यात पडून बिघडला होता. फांदी वाऱ्याने पडली होती. चैतू लपतछपत आला, कारण ट्रकवाल्याची माणसे पाळत ठेवून आहेत अशी त्यालाही धास्ती होती.

सोमारीने बाईंना बसायला सांगितले नाही.

"पोलीस आले तवा बंदूक घेऊन आले. जंगलखात्याचे आले तवा काठी घेऊन आले. तुमी कागद घेऊन आल्या, म्हून तुमाले घरात घेतलं. तुमीच आमच्यावर बंदूक धरली, तं कोर्टात आमचं कोन आयकन?"

बाईंनी धमक्यांचे नाव काढले नाही. त्या चैतूकडे वळल्या. तो दाराआड उभा होता.

"माझी चूक झाली, चैतूभाऊ. मी आधी विचारायला पाहिजे होतं. तुमचा जीव गेला असता."

चैतू दाराआडून बाहेर आला. मग म्हणाला, "मी येतो कोर्टात. दसरूसाठी येतो, तुमच्यासाठी नाई. पन ते पर्समंदलं तुमच्यासंगं नोको."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला राजुऱ्याच्या पोलीस ठाण्यात जमा केले. लोखंडी कपाटात मी महिनोन्महिने पडून राहिले. शेजारी कुणाकुणाच्या बंदुका होत्या. त्या मला हरिदासभाऊंसारख्या मालकांच्या वाटल्या. मी रोज विचार करायची, चैतू फिरला असेल, सोमारी घाबरली असेल, बाईंना रस्त्यात गाठले असेल.

एका दुपारी कपाट उघडले. दिव्यानीबाई समोर होत्या आणि मागे दारात सोमारी उभी होती. बाई हवालदाराला सांगत होत्या. चैतूने साक्ष दिली, सोमारीने दिली. उलटतपासणीत दोघेही डगमगले नाहीत. ड्रायव्हरला आणि मालकाला शिक्षा झाली. पण मालक वरच्या कोर्टात गेला आणि जामिनावर सुटला. फोन कोण करायचे, बाईंची खबर कोण द्यायचे, ते मात्र आजपर्यंत कळलेले नाही.

"मंग घेऊन जाता का मॅडम, का राहू देऊ?" हवालदाराने विचारले.

बाई घुटमळल्या. त्यांनी मागे वळून पाहिले.

"घ्या," सोमारी म्हणाली. "तो मानूस सुटला हाये. पन आमच्या गुड्यावर याल तवा हे घरी कुलपात ठेवून येजा."

बाईंनी मान हलवली. आता मी त्यांच्या घरी भिंतीतल्या तिजोरीत असते. काडतुसे वेगळ्या कुलपात. गुड्याकडे त्या मला नेत नाहीत. गाडीत शेजारी धनराज बसतो.

मित्रांनो, माझा संशय अजून गेलेला नाही. पोलादाचा स्वभाव बदलत नाही. पण तुम्ही पोलादाचे नाही. घरात कुठे माझ्यासारखी दिसली तर हात लावू नका, लगेच मोठ्यांना सांगा. मोठ्यांना म्हणा, तिला रिकामी ठेवा आणि कुलपात ठेवा. आणि कुणी अनोळखी समोर आले, मनात भीती दाटली, तर आधी त्याचे नाव विचारा. नाव सांगायला माणसाला एक श्वास लागतो. मला तेवढाही लागत नाही.