सातव्या मोहिमेतलं घर

भागवतनं आपला मोबाईल छगनच्या डब्याशेजारी ठेवला आणि दोन बोटांनी पडद्यावरची अक्षरं मोठी केली.

"वाचा," तो म्हणाला. "आधी खालचं नाव बघा."

खाली दिशाचं नाव होतं. आपल्या मुलीचं नाव दुसऱ्याच्या मोबाईलवर, तेही लष्कराच्या स्टोअरमधल्या टेबलावर बघून छगनच्या हातातला घास तसाच राहिला. दिशा सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि उरलेल्या वेळात मोबाईलवरच्या गेमबद्दल मराठीत लिहायची, एवढं त्याला माहीत होतं. कुठला गेम चांगला, कुठला फोन तापवतो, कुठला सारख्या जाहिराती दाखवतो. त्यात आपण वाचण्यासारखं काय असणार, म्हणून त्यानं कधी वाचलं नव्हतं.

हे 'रणभेदी' नावाच्या गेमबद्दल होतं. रणगाडा चालवायचा आणि एकेक मोहीम पार करायची. सुरुवातीला तिनं कौतुक केलं होतं. रणगाडा वळताना खरंच जड वाटतो, धूळ उडते ती आपल्याकडच्या मातीसारखी दिसते, असं काहीबाही. मग पुढं लिहिलं होतं:

'सातव्या मोहिमेत एक गाव लागतं. गाव रिकामं आहे असं गेम सांगतो. मग एका घरापुढं दोरीवर साडी वाळते आहे ती कुणाची? वृंदावनातली तुळस हिरवीगार आहे, तिला पाणी कोण घालतं? त्या घरावर गोळा टाकला की पडद्यावर "अडथळा दूर" अशी अक्षरं येतात आणि गुण मिळतात. माझ्या वडिलांचं गाव तोफांच्या सरावाच्या हद्दीत गेलं. तिथंही कुणाच्या तरी दोरीवर कपडे राहिले असतील. गेम मी खेळले, पण ते गुण मला नकोसे वाटले.'

छगननं पुन्हा एकदा वाचलं. 'माझ्या वडिलांचं गाव' या शब्दांपाशी तो दोन्ही वेळा थांबला.

"पोरगी लिहिती चांगलं," भागवत म्हणाला. "पन गेमचं सांगावं ना. चित्रं कशी हायेत, चालतो कसा. हे हद्दीचं कशाला मधी? आपन खातो कुनाचं?"

"तुमाला कुनी दाखवलं हे?"

"फिरतंय." भागवतनं मोबाईल उचलून खिशात टाकला. "मेजर साहेबांनी पन बघितलंय म्हनतात."

"कोन म्हनतं?"

भागवतनं नुसते खांदे उडवले आणि हात धुवायला नळाकडे गेला. छगन त्याच्या पाठीकडे बघत राहिला. साहेबांच्या टेबलावर फायली न्यायचं काम भागवतकडंच होतं.

त्या दुपारनंतर त्याला सगळंच वेगळं दिसायला लागलं. फाटकावरच्या शिपायानं पास नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरला, असं त्याला वाटलं. मेजर साहेब स्टोअरमध्ये आले, रॅकवरच्या सुट्या भागांकडे बघितलं, एकदा त्याच्याकडेही बघितलं आणि काही न बोलता गेले. ते नेहमीच असे येत असत का, हे छगनला आठवेना. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. इतक्या नोकरीत त्यानं त्या जुन्या गावाचं नाव इथं कुणापुढं घेतलं नव्हतं. कुणी विचारलंच तर, आमी बेलापूरचे, असं तो सांगायचा. आणि ते खोटंही नव्हतं. गाव उठल्यावर त्याच्या वडिलांनी बेलापुरातच बिऱ्हाड केलं होतं.

भिंगारच्या क्वार्टरवर तो पोचला तेव्हा दिशा ओट्यापाशी आईबरोबर मेथी निवडत होती. तिचा मोबाईल बाहेर दिवाणावर होता. छगननं तो उचलला. त्याला काय शोधायचं होतं ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं. पुण्याच्या एका नंबरावरून आठवड्यात बरेच फोन आले होते.

"पप्पा?"

दिशा दारात उभी होती. छगननं मोबाईल खाली ठेवला, पण उशीर झाला होता.

"हे पुन्याचं कोन?"

"ज्या वेबसाइटवर मी लिहिते तिथले संपादक." तिचा आवाज सपाट होता. "मला कायमचं काम देतायत. का?"

"त्यांनी लिहायला लावलं का ते? गावाचं, हद्दीचं?"

दिशानं दिवाणावरचा मोबाईल उचलून घेतला.

"मला कुणी लिहायला लावत नाही."

"मग गावाचं तुला कुनी सांगितलं?"

"कडूआत्यानं. तुम्ही तर कधी सांगितलं नाही."

"आगं, लोकं करमनुकीसाठी खेळत्यात. त्यांना गेम कसा हाय तेवढं सांगायचं. हे राजकारन कशाला?"

"खाली तसंच लिहिलंय लोकांनी. रिव्ह्यू द्या, भाषण नको. एकानं तर विचारलंय, कुठल्या पक्षाची आहेस." तिनं हातातली मेथीची काडी मोडली. "पप्पा, ते घर मी काढलेलं नाही. त्यांनीच काढलंय. साडी त्यांनीच वाळत घातलीय आणि गुणही त्यांनीच ठेवलेत. मग किती गुण मिळतात ते मी सांगायचं, आणि कशाचे मिळतात ते सांगायचं नाही?"

छगनला राग आला. त्याच्या मनात आलं, इतकं तयार उत्तर एखाद्याकडं कुणी शिकवल्याशिवाय येत नाही.

रविवारी, बाजारात जाऊन येतो असं सांगून तो बाहेर पडला आणि शाळेच्या मागच्या ओसाड मैदानावर, लिंबाखाली जाऊन बसला. गेम उतरवून घ्यायला त्याला कुणाची मदत लागली नाही. त्याला एकच बघायचं होतं. साडी खरंच आहे की पोरीनं मनचं लिहिलंय.

पहिल्या मोहिमेतच त्याचा रणगाडा खड्ड्यात गेला. दोन्ही अंगठे एकाच वेळी चालवायची त्याला सवय नव्हती. कुणी मैदानातून चाललं की तो मोबाईल मांडीखाली घ्यायचा. खऱ्या रणगाड्यांचे सुटे भाग त्यानं सगळी नोकरी मोजले होते, पण रणगाड्याच्या आत तो कधी बसला नव्हता. हळूहळू त्याला जमायला लागलं. सोमवारी कामावरून येताना तो पुन्हा तिथं थांबला, मंगळवारीही थांबला. त्याच्या बायकोनं, ज्योतीनं विचारलं, दोन दिवस उशीर का होतोय. गाडीचं काम निघालंय, असं त्यानं सांगितलं.

सातवी मोहीम लागली तेव्हा ऊन उतरत होतं. गाव आलं. घर आलं. दोरीवर साडी होती, निळी, आणि वाऱ्यानं हलत होती. पोरीनं मनचं काही लिहिलं नव्हतं. उलट एक गोष्ट तिनं लिहिली नव्हती. दार अर्धवट उघडं होतं आणि उंबऱ्याच्या आत एक पितळी तांब्या ठेवलेला दिसत होता.

छगनचा अंगठा गोळ्याच्या बटणावर होता. तो तिथंच राहिला. वरच्या कोपऱ्यातली वेळ संपली आणि मोहीम फसली. त्यानं पुन्हा सुरू केली. अंधार पडेपर्यंत तो तिथंच होता.

बुधवारी भागवत स्टोअरच्या दारात आला. आत आला नाही, दारातूनच म्हणाला, "उद्या सकाळी साहेबांनी बोलावलंय तुमाला. एकट्याला."

"कशासाठी?"

"मला काय म्हाईत?" भागवत म्हणाला. पण तो लगेच गेला नाही. छगनच्या तोंडाकडे बघत थोडा थांबला आणि मग गेला.

त्या संध्याकाळी छगननं दिशाला समोर बसवलं.

"ते काढून टाक," तो म्हणाला.

"खोटं लिहिलंय का मी?"

तांब्या त्याच्या डोळ्यांपुढं आला. "खरंखोटं मी इचारत न्हाई. काढ."

दिशानं आईकडे बघितलं. ज्योती चपात्यांचं पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. "काढ बाई," ती म्हणाली. "यांची दोन वर्षं निभू दे."

"पुण्याच्या लोकांना हाच लेख आवडला होता. त्यांना काय सांगू?"

दिशानं मोबाईल घेतला, काहीतरी केलं आणि पडदा छगनपुढं धरला, खात्री करून घ्यायला. तिथं आता फक्त पांढरी जागा होती. रात्री ती जेवायला बसली, पण त्याच्याशी बोलली नाही.

सकाळी मेजर साहेबांच्या खोलीत जाताना त्यानं एक वाक्य तयार ठेवलं होतं. पोरगी अजून लहान हाय साहेब. दिशा पंचविशीची होती, पण त्याला दुसरं वाक्य सापडलं नव्हतं.

साहेब कऱ्हाडकडचे होते. ऑफिसात हिंदी बोलायचे, आज मराठीत बोलले.

"दार लावून घ्या. बसा."

छगननं दार लावलं. बसला नाही.

"दिशा म्हणजे तुमची मुलगी?"

"व्हय साहेब. ते काढलंय साहेब तिनं. काल संध्याकाळीच."

साहेबांनी मान वर केली. "काढलं?"

"जी."

"म्हणून मला सकाळपासून सापडत नाही." त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला. "का काढलं?"

छगननं तयार ठेवलेलं वाक्य म्हणायचा प्रयत्न केला, पण ते या प्रश्नाला बसत नव्हतं.

"मला तिला एक विचारायचं होतं," साहेब म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला. "त्या घराला धक्का न लावता पुढं जाता येतं का?"

छगननं खिडकीकडे बघितलं. बाहेरून भागवत फायली घेऊन चालला होता. हा सापळा असेल तर त्याची कळ कुठं आहे, हे त्याला कळेना.

"मी ती मोहीम पूर्वी पार केलेली आहे," साहेब म्हणाले. "सहज. मग ते वाचनात आलं. आता तिथं आलो की हात चालत नाही. खरं सांगू, वाचलं नसतं तर बरं झालं असतं. गेम खेळायचा तो खेळायचा. पण आता वाचलंय."

"येतं साहेब," छगन म्हणाला. तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं, की आपण बोललो.

"कसं?"

"उजव्या अंगाला ओढा हाय. त्यात उतरायचं. रनगाडा निम्मा बुडतो, वाटतं आता संपलं. पन बंद पडत न्हाई. पुलाच्या पुढं वर निघतो. वेळ पुरतो, मधी थांबायचं न्हाई फक्त."

"मुलीनं सांगितलं?"

"न्हाई साहेब. तिला न्हाई म्हाईत."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. छगन दारापर्यंत गेला तेव्हा ते म्हणाले, "ते परत टाकायला सांगा तिला. चांगलं लिहिलं होतं." आणि जरा थांबून, "मी सांगितलं म्हणून नको. माझं नाव कुठं येता कामा नये. तुमच्या घरातही नको."

"जी साहेब."

तो बाहेर आला. भागवत व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होता. "काय म्हनले?" त्यानं विचारलं. छगन त्याच्याजवळून सरळ पुढं गेला आणि सायकल स्टँडच्या पत्र्याखाली, जिथं कुणी नव्हतं तिथं जाऊन त्यानं दिशाला फोन लावला.

"क्लासमध्ये आहे मी," ती म्हणाली.

"ते परत टाक."

"काय?"

"काल काढलं ते. तसंच्या तसं टाक. आनि त्यात ओढ्याचं राहिलंय, ते पन लिही."

"कुठला ओढा?"

"सातव्या मोहिमेतला. उजव्या हाताचा. त्यातनं गेलं की घराला हात लावावा लागत न्हाई."

पलीकडून मुलांचा गलका येत होता. तो हळूहळू कमी झाला, एक दार बंद झाल्याचा आवाज आला. ती बाहेर आली असावी.

"पप्पा, तुमच्याजवळ कोण आहे?"

"कोन न्हाई. मी एकटाच हाय."

"हे बोलायला कुणी सांगितलंय तुम्हाला?"

छगननं मागं वळून बघितलं. साहेबांच्या खोलीची खिडकी इथून दिसत होती.

"कुनी न्हाई," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याच्या कानावर आला आणि तो कसा वाटत असेल हे त्याला समजलं.

दिशा काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत असावी, त्याच्या आजूबाजूचं.

"फोन स्पीकरवर आहे का?" तिनं विचारलं.