सहा कोनांतल्या एकाला खाच

मी पितळेची पट्टी बोलतेय. रागाने बोलतेय, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कुणी "जरा गोड बोल की" म्हणायला नको. गोड बोलणाऱ्यानेच घात केलाय, ते पुढे येईलच.

लांबीला मी वीतभरही नाही. अंगात एक षटकोनी भोक, शेजारी दोन समांतर फटी आणि एक कड सरळ घासलेली. रसायनशास्त्रातली माणसं कागदावर सहा कोनांच्या कड्या काढतात ना, त्या काढायचा मी साचा. भोकाच्या उजवीकडच्या खालच्या कोनाला एक बारीक खाच आहे. ती लक्षात ठेवा.

पण जन्मले मी पाटी म्हणून. ग्वाल्हेरच्या मोतीमहालात दफ्तरखान्याच्या एका दारावर होते. अंगावर खोल खोदलेली, काळी लाख भरलेली अक्षरं: महिपतराव पागनीस, आणि खाली हुद्दा. शिपाई मला चिंच लावून घासायचा. भेटायला आलेली माणसं आधी माझ्याकडे बघायची, मग पगडी नीट करायची आणि मग दारावर टकटक करायची. नाव वागवणं हे माझं काम होतं आणि ते मी ताठ मानेने केलं.

अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत तयार झालं. दफ्तरं एकमेकांत मिसळली, काही इंदूरला गेली, आणि महिपतरावांचा हुद्दा नव्या यादीत कुठे बसेना. चार्ज द्यायच्या आदल्या दिवशी, सगळे घरी गेल्यावर, त्यांनी स्वतः खिशातून पेचकस काढला. चारही स्क्रू सोडवले, मला कोटाच्या आत धरलं आणि घर गाठलं. एक अर्ज नाही, एक जाब नाही. मूग गिळून बसले. मला तेव्हा त्यांचा जो राग आला, तो पुढे नऊ वर्षं उतरला नाही.

उतरणार कसा? घरी माझं झाकण झालं! महिपतरावांच्या पत्नी लीलाताई दुधाच्या पातेल्यावर मला पालथी घालायच्या आणि मांजराने पाडू नये म्हणून वर वरवंटा ठेवायच्या. ज्या अंगावर नाव, त्या अंगाला रोज दुधाची वाफ. मांजराबद्दल माझी तक्रार नाही. ते निदान माझ्याकडे रोज लक्ष देऊन बघायचं.

मला त्यातून बाहेर काढलं विमलने. विमल ही त्यांची एकुलती एक मुलगी. रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर लागली, म्हणजे मुलांना प्रयोग करून दाखवायचे, निस्तरायचे आणि लेक्चररच्या जागेची वाट बघायची. विभागाचे प्रमुख डॉ. रमाकांत मुळ्ये. त्यांनी तिला संशोधनाचा विषय दिला: तरवडाच्या मुळांतला पिवळा पदार्थ. विषय दिला, एवढंच त्यांनी केलं. मुळं वाळवणं, कुटणं, उकळणं, गाळणं, स्फटिक धरणं आणि फसलं की पुन्हा पहिल्यापासून करणं, ही तीन वर्षं विमलची. तिच्या बोटांचा पिवळेपणा साबणाने जायचा नाही. लीलाताई म्हणायच्या, "हळद लागायच्या आधीच हिचे हात पिवळे झाले बघा."

छप्पन्न साली काम पुरं झालं. लेख कसा हवा, हे सांगणारं एक नमुना-पान दूरच्या शहरातल्या नियतकालिकाने पाठवलं होतं. डावीकडे दीड इंच समास, ओळींत दुहेरी अंतर, तीन प्रती. मथळ्याखाली लेखकांची नावं, नावांखाली संस्थेचा पत्ता. आकृत्या वेगळ्या जाड कागदावर काळ्या शाईने, आणि छापायच्या मापातच, कारण त्यांच्याकडे ठसे लहानमोठे करत नसत. प्रत्येक कडीची प्रत्येक बाजू पाव इंच.

हाताने काढलेल्या कड्या काही एकसारख्या येईनात. तेव्हा विमलने वरवंटा बाजूला केला आणि मला उचललं.

"अण्णा, ही मी नेऊ? साचा करून घेते."

महिपतरावांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "ने. आता त्या नावाला कोण विचारतं?"

सराफ्यात दौलतराम सोनी बसायचा. त्याने मला पुसलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि हात मागे घेतला. "बिटिया, ये तो नाम की तख्ती है. इसे काटूं?"

"काटो," विमल म्हणाली. "लेकिन नाप एकदम बराबर चाहिए."

दौलतरामने आधी मला मधून तोडलं; नावाचा पहिला निम्मा भाग माझ्याकडे राहिला, उरलेला कुठे गेला मला ठाऊक नाही. त्याने तारेएवढ्या करवतीने षटकोन कापला. मापाला पक्का माणूस. पण एका अक्षराची खोदलेली रेघ जिथे भोकाच्या कोनाला भिडली, तिथे पातं त्या रेघेत घसरलं आणि कोनाला खाच पडली. तो हळहळला, दुसरी करून देतो म्हणाला. विमलला घाई होती. ती म्हणाली, "चलेगा, भैया."

मग आम्ही कामाला लागलो. पाच वाजता कॉलेजचं ऑफिस सुटलं की टाइपरायटर विमलच्या हाती यायचा. सूत्रातला तो खालचा बारीक दोन लिहायला दर वेळी रूळ अर्धं घर फिरवायचा, दोन मारायचा, रूळ परत आणायचा. तीन प्रतींसाठी मध्ये कार्बन, म्हणजे एक चूक तीनदा खोडायची. घरी आलं की आकृत्या. एकोणतीस आकृत्या आम्ही दोघींनी काढल्या. प्रत्येक कडीच्या त्या कोनातून केसाएवढा काटा बाहेर यायचा. तिने ब्लेडने खरवडून पाहिलं, पण कागद फुटायला लागला, म्हणून सोडून दिलं. डॉक्टरसाहेबांनी आकृत्या चाळल्या आणि "छान, छान" म्हणाले. काटा त्यांना दिसला नाही. दिसायला बघावं लागतं.

पहिलं पान शेवटी टाइप झालं. मथळा. खाली दोन नावं: रमाकांत मुळ्ये आणि विमल पागनीस. खाली पत्ता: ग्वाल्हेर, मध्यभारत. विमलने ते पान टाइपरायटरमधून काढलं आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं. लेख छापून आला की लेक्चररची जागा धरायला तिला दुसरं काही लागणार नव्हतं. आणि नाही आला, तर नव्या राज्याच्या यादीत ती डेमॉन्स्ट्रेटर म्हणून जाणार आणि तशीच राहणार.

हो, नवं राज्य. एक नोव्हेंबरला मध्यभारत संपणार होतं, मध्यप्रदेश होणार होता, राजधानी भोपाळ. ऑक्टोबरच्या शेवटी डॉक्टरसाहेब तिच्या टेबलाशी आले. मी कंपासपेटीत होते, झाकण उघडं होतं, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला.

"विमल, चार दिवसांनी पत्ताच बदलतोय. जुना पत्ता छापून आला तर हसं होईल. पहिलं पान तेवढं पुन्हा करायला हवं."

"आत्ता करते, सर."

"नको, नको. किती दमली आहेस तू! पोरी, जरा आराम कर. तिन्ही प्रतींची पहिली पानं माझ्याकडे दे. मी भोपाळला चाललोच आहे, तिथे करून घेतो आणि पोस्टातही टाकतो."

पोरी म्हणाले! त्या एका शब्दावर विमल विरघळली. तिन्ही पानं दिली, बाकीचा लेख दिला, शिवाय संदर्भाला असू द्या म्हणून प्रयोगांच्या वह्यासुद्धा दिल्या. मी पेटीत दात-ओठ खात होते. बदलायचा होता पत्ता, आणि पत्ता नावांच्या पानावरच होता. राज्य बदललं की नावाचं काय होतं, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण पितळेला तोंड नसतं.

डॉक्टरसाहेब भोपाळला मोठ्या जागेवर गेले, ते गेलेच.

सत्तावन्नच्या जूनमध्ये अंक आला. विमल कॉलेजच्या लायब्ररीत उभ्यानेच पान उलटत होती. सगळा लेख तिचा होता, शब्द तिचे, एकोणतीस आकृत्या आमच्या. पहिल्या पानावर पत्ता बरोबर होता: ग्वाल्हेर, मध्यप्रदेश. पत्त्याच्या वर नाव एकच होतं. शेवटी आभार मानले होते. संचालकांचे मानले होते, मुळं खणून देणाऱ्या माळ्याचेसुद्धा मानले होते. आणि त्याखाली बारीक टाइपात एक ओळ: सर्व आकृत्या लेखकाने स्वहस्ते काढल्या आहेत.

स्वहस्ते! ज्या हाताला शाईचा ठिपका लागला नाही, त्या हस्ते! मी पितळ आहे म्हणून, नाहीतर तिथेच वितळले असते.

विमल रडली नाही. तिने अंक सही करून घरी आणला. जुलैत डॉक्टरसाहेब ग्वाल्हेरचा बंगला रिकामा करायला आले, तेव्हा ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. दप्तरात मी होते.

"सर, माझं नाव कुठे गेलं?"

"अगं, त्या गडबडीत राहिलं. भोपाळच्या टायपिस्टने गाळलं असेल."

"आणि आकृत्या? त्या तुम्ही काढल्यात?"

डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसला. "विमल, तू टायपिंगला फार मदत केलीस, मी विसरलेलो नाही. पण टायपिंग म्हणजे संशोधन नव्हे. आणि यादी अजून लागायची आहे. माझा शब्द तिथे चालतो. उगीच तमाशा करू नकोस, पोरी."

"मुझे पोरी मत बोलिए," विमल म्हणाली, आणि मग मराठीत, "तुम्ही खोटं लिहिलंत सर, और वो भी छापके." ती वळली. जिना उतरताना दप्तर तिने इतकं घट्ट धरलं होतं की माझी कड पुस्तकात रुतली.

घरी लीलाताईंनी डॉक्टरसाहेबांचा उद्धार केला, आणि मनापासून केला. महिपतराव मात्र नेहमीसारखे म्हणाले, "जाऊ दे. मोठ्यांच्या वाटेला जाऊ नये. यादी लागेपर्यंत गप्प राहा."

 विमलने अंक उघडला, मला पेटीतून काढलं आणि तिसऱ्या आकृतीतल्या एका कडीवर ठेवलं. सहा बाजू सहा बाजूंवर बसल्या. खाच काट्यावर बसली. ती दुसऱ्या कडीवर गेली, मग पुढच्या आकृतीवर. प्रत्येक ठिकाणी तो काटा.

"अण्णा, हे बघा."

महिपतराव उठून आले. एकदा अंकाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग मला हातात घेतलं. स्क्रू सोडवले त्या दिवसानंतर पहिल्यांदा. माझ्या अंगावर उरलेल्या अक्षरांवरून त्यांचं बोट फिरलं, फिरत फिरत खाचेशी येऊन थांबलं.

"ही माझ्या नावातली रेघ आहे," ते म्हणाले.

"हो. तिथेच करवत घसरली."

 बोट त्यांनी खाचेवरून काढलं नाही. "त्या दिवशी स्क्रू मीच काढले होते, विमल. कुणी काढायच्या आत आपणच काढावं, म्हणजे अपमान होत नाही, असं वाटलं होतं. होतो गं. रोज होतो. तू काढू नकोस."

"मग हिला संपादकांकडे पाठवावं लागेल. परत येईलच असं नाही."

"जाऊ दे. माझं नाव आहे तिच्यावर. अर्धं का होईना."

आणि नऊ वर्षं जो राग मी त्यांच्यावर धरला होता, तो तिथे, त्यांच्या तळहातावर, उतरला. डॉक्टरसाहेबांवरचा उतरलेला नाही. तो उतरायचाही नाही.

पत्र विमलने लिहिलं, अवघं एक पान. पत्ता महिपतरावांनी लिहिला, दफ्तरखान्यातल्या त्यांच्या त्या वळणदार अक्षरात. डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली काम केलं होतं, हे लपवू नकोस, असंही त्यांनी तिला बजावलं. लीलाताईंनी मला मांजरपाटात घालून शिवलं. शिवता शिवता म्हणाल्या, "झाकण म्हणून बरी होती हो ही." त्यांना माझी माफी मागायची होती, असं मी समजते.

आज सकाळी बाड्याच्या चौकातल्या पोस्टात विमल रांगेत उभी राहिली. यादी अजून लागलेली नाही. डॉक्टरसाहेबांचा शब्द अजून चालतो. हे तिला माहीत होतं, आणि तरी खिडकीतून तिने मला आत सरकवलं. कारकुनाने विचारलं, "इसमें क्या है?" ती म्हणाली, "सबूत है."

आता मी पोत्यात आहे. अंधार आहे, आणि लाखेचा वास येतोय, तसाच, जन्मवेळचा.

संपादकसाहेब, मी पोचेन तेव्हा पत्र वाचा किंवा नका वाचू. डेमॉन्स्ट्रेटर बाईच्या शब्दावर तुमचा विश्वास बसत नसेल तर नका ठेवू. पण मला कागदावर दाब द्यायचं वजन करून ठेवलंत, तर बघा! आठ वर्षं दुधावर काढलेली आहेत मी, आता पुन्हा नाही. तुमचाच अंक काढा. कुठलीही आकृती, कुठलीही कडी. मला तिच्यावर ठेवा. मग शेवटच्या पानावरची ती बारीक ओळ वाचा. आकृत्या ज्याने काढल्या तो लेखक, असं तुमच्या लेखकाने स्वतःच छापून दिलंय.

तेव्हा ज्या हाताने काढल्या, त्याचं नाव लिहा. विमल पागनीस. एवढं झालं की मला परत पाठवलं नाहीत तरी चालेल.